रात्री तीनदा उठावं लागतं

प्रश्न : वय ६१. रात्री तीनदा लघवीला उठतो, नंतरही थेंब गळतात. ऑनलाइन स्व-व्यवस्थापनात (त्रास घरच्या घरी आटोक्यात ठेवायच्या इंटरनेटवरच्या कार्यक्रमात) लघवीच्या नोंदी भरायला सांगतात. उपयोग होईल?

उत्तर : होतो, पण नोंदी मोजून हव्यात, अंदाजाने नकोत. सलग ३ दिवस प्यायलेलं आणि झालेली लघवी मिलिलिटरमध्ये, वेळेसह लिहा. सकाळची पहिली धरून, २४ तासांतल्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त लघवी रात्रीची निघाली, तर दोष प्रोस्टेटचाच (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचाच) असेल असं नाही. तो तक्ता डॉक्टरांना दाखवा. झोपेआधी २ तास पिणं थांबवा, संध्याकाळी चहा-कॉफी नको. दिवसाचं पाणी मात्र तोडू नका. घट्ट लघवी मूत्राशयाला उलट चाळवते. थेंबांसाठी, लघवीनंतर अंडकोशामागे बोटांनी हलकं दाबत बोटं पुढे सरकवा. लघवीत रक्त, ताप किंवा लघवी तुंबली तर स्क्रीन सोडा, लगेच डॉक्टर गाठा.