‘पिशवी काढली’ म्हणजे नेमके काय काढले?

कोल्हापुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी गर्भाशय काढलेल्या स्त्रिया आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येते : “मॅडम, पिशवी काढल्यापासनं आत पोकळ झालंय.” ही पोकळी मनाची आहे, असे मीही बरीच वर्षे समजत होते. करवीर तालुक्यातील चाळिशीच्या एका बाईंनी (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) माझी ती समजूत मोडली.

शस्त्रक्रियेला चार महिने होऊन गेले होते आणि डॉक्टरांनी सर्व कामांना परवानगी दिली होती. तरी त्या म्हशीची धार काढत नव्हत्या, नवऱ्यापासून दूर झोपत होत्या आणि लघवीला जळजळ होत असतानाही दिवसभर जेमतेम तांब्याभर पाणी पीत होत्या. तिसऱ्या भेटीत मी कारण विचारले.

“पिशवीच न्हाई, तर पाणी थांबणार कुठं?”

मी कोरा कागद पुढे केला. त्यांनी पोटाचा गोल काढला, त्यात एकच पिशवी काढली आणि तिच्यावर फुली मारली. मूल, पाळी, लघवी, सारे त्या एकाच पिशवीत होते. दोष त्यांचा नव्हता. गर्भाशय आणि मूत्राशय या दोन्हींना आपण पिशवीच म्हणतो, शिवाय पित्ताची पिशवी वेगळीच. विचार बदलायचा तर आधी त्यामागचे चित्र पाहावे, या माझ्या जुन्या आग्रहाचे त्या दिवशी चीज झाले.

फुलीच्या पुढच्या बाजूला मी दुसरी पिशवी काढली. गर्भाशय एरवी जेमतेम 7.5 सेंटिमीटर लांबीचे, लहानशा पेरूएवढे असते. ते काढल्यावर ती जागा आतडी भरून काढतात. गर्भाशयाचे तोंडही काढले असेल, तर योनीमार्ग वरच्या टोकाला शिवून बंद केलेला असतो, पण तो जागेवरच राहतो.

“म्हंजे लघवीची हाय जाग्यावर?” त्यांनी दोनदा विचारले. मग माझ्या टेबलावरच्या तांब्यातून दोन फुलपात्रे पाणी त्या सावकाश प्यायल्या. मी काहीच बोलले नाही. जळजळीसाठी मात्र त्यांना त्याच दिवशी लघवीच्या तपासणीला पाठवले.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : केवळ गर्भाशय काढणार, त्याचे तोंडही, की अंडाशयेसुद्धा? पाळी जाण्याआधीच दोन्ही अंडाशये काढली, तर रजोनिवृत्ती एकाएकी येते, आणि म्हणूनच हा प्रश्न महत्त्वाचा. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे.

तो कागद बाईंनी घडी घालून पिशवीत ठेवला. जावेलाही पिशवी काढायला सांगितले होते, “तिला म्हंते, आधी कंची ते इचार.”