इल्मेनाउला स्वस्तातलं घर

पत्नीला जर्मनीतल्या इल्मेनाउच्या विद्यापीठात पीएचडीची अर्ध्या पगाराची जागा मिळालीय, बरोबर तुम्ही आणि चार वर्षांची मुलगी. तर पुण्यात बसून सरकारी सवलतीचं घर ठरवता येईल का, असं विचारलंत. नाही येणार. पण त्याने फारसं अडतही नाही.

सवलतीच्या घरासाठी एक दाखला काढावा लागतो. त्याचं पूर्ण जर्मन नाव उच्चारताना दम लागतो, म्हणून सगळे वेबेएस (WBS) म्हणतात. त्यासाठी इथला राहण्याचा परवाना लागतो, तोही साधारण वर्षभराचा तरी. म्हणजे ते काम इथे आल्यावरच. केंद्राच्या कायद्यातली उत्पन्नाची मूळ मर्यादा दोघांना वर्षाला १८,००० युरो, तिसऱ्या माणसाचे ४,१००, ते मूल असेल तर आणखी ५००. तुमचे झाले २२,६००. राज्यं ही मर्यादा बदलू शकतात, त्यामुळे चालू आकडा नगरपालिकेतच विचारा. करारावरचा पगार बघून मात्र लगेच नाद सोडू नका. कर, आरोग्य विमा आणि पेन्शन भरत असाल तर प्रत्येकी १० टक्के वजा करून उरलेलं उत्पन्न धरतात. एका अर्ध्या पगारावर तिघं, म्हणजे तुम्ही बसाल असं मला वाटतं. दाखला मिळाला तरी घर आपणच शोधायचं.

मी तुमच्या जागी असतो तर आधी नगरपालिकेच्या मालकीची गृहकंपनी आणि गेनोसेनशाफ्ट, या दोघांना ईमेल टाकला असता. गेनोसेनशाफ्ट म्हणजे सहकारी सोसायटीच, पण आपल्याकडे सभासद फ्लॅटचा मालक असतो, इथे तो भाडेकरूच राहतो. सुरुवातीला शेअर घ्यावे लागतात, सोडून जाताना ते पैसे परत मिळतात (लगेच नाही, थोडं थांबावं लागतं). यांची बरीच घरं पूर्व जर्मनीच्या काळातल्या प्लाटनबाउ, म्हणजे काँक्रीटचे तयार भाग जोडून बांधलेल्या इमारतींत आहेत. दिसायला अगदी म्हाडा कॉलनी! थंडीत मात्र उबदार. म्युनिकच्या मानाने भाडं इतकं कमी की दाखल्याची गरज पडेलच असं नाही.

जाहिरातीतलं काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. पाणी, कचरा, बहुधा हीटिंगही धरून होतं ते वार्ममीटे. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळं. तुलना वार्ममीटेची करा. मी केली नाही, आणि पहिल्या हिवाळ्यानंतर हीटिंगच्या फरकाचं बिल आलं तेव्हा दोन महिने बाहेरचं जेवण बंद केलं. दुसरा धक्का स्वयंपाकघराचा. चावी घेऊन आत गेलो तर भिंतीतून नळाची दोन तोंडं बाहेर आलेली, बाकी काही नाही. ओटा, सिंक, शेगडी सगळं आपलं आपण. जुना भाडेकरू ते विकत देतो का, हे आधीच विचारा.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, आणि कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं. घर न पाहता, "पैसे पाठवा, चावी पोस्टाने येईल" म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवू नका.

वोनगेल्ड नावाचा घरभाड्याचा भत्ताही असतो. पण स्वतःचा खर्च भागवण्याच्या अटीवर व्हिसा मिळाला असेल, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय त्याचा अर्ज भरू नका.

पहिल्या महिन्यापुरती तात्पुरती खोली घ्याल, तेव्हा मालक पत्त्याच्या नोंदणीसाठी सहीचा कागद देणार का, हे ईमेलवर लिहून घ्या. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते, आणि तिच्याशिवाय पुढचं जवळजवळ सगळंच अडकतं.