ऑफसाइडचा व्हिडिओ राहू दे, आधी कार्डं मोज

भावा, तुझी पोस्ट रात्री दोनदा वाचली. पहिली मॅच 1-1, दुसरी इंज्युरी टाइममध्ये कॉर्नरनंतरच्या गडबडीत 0-1, पाच टीमचा ग्रुप, दोनच पुढं जाणार, दोन मॅच राहिल्यात. आणि तू विचारलंयस की गोल ऑफसाइड होता, म्हणजे धरायलाच नको होता, मोबाईलवर व्हिडिओ आहे, प्रोटेस्ट म्हणजे कमिटीकडं लेखी तक्रार टाकू का, आणि सीझन संपला का. तू निपाणीकडचा, मी बेळगावचा, पण तुझ्या जागी मला मीच दिसलो. आमच्या गल्लीची फुटबॉल टीम मी अकरा वर्षं सांभाळली, आणि एका वर्षी आमचंही असंच, अगदी असंच, 1-1 आणि मग 0-1 झालं होतं.

सीझन संपलेला नाही. दोन्ही जिंकलात तर सात पॉइंट होतात, पाच टीमच्या ग्रुपमध्ये सातवर बहुतेक वेळा माणूस पुढं जातो. आणि दोनच गोल खाल्लेत हे लक्षात ठेव, गोल डिफरन्स फक्त उणे एक आहे.

आता प्रोटेस्टचं. आम्हीपण टाकला होता. गोल ऑफसाइडच होता, आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण भावा, गोल झाला की नाही, ऑफसाइड होता की नाही, हे मैदानावरच्या घटनेबद्दलचं आणि त्यात रेफरीचा निर्णय शेवटचा, हे खेळाच्या नियमांतच लिहिलंय, पाचवा नियम. व्हिडिओ कितीबी क्लिअर असू दे, स्कोअर बदलत नाही. प्रोटेस्ट चालतो तो प्लेअर नियमात बसतो की नाही यावर, म्हणजे वय, रजिस्ट्रेशन, बंदी असलेला खेळवला का, असल्या गोष्टींवर. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आमची फी घेतली, अर्ज घेतला आणि उद्या या म्हणाले. उद्या गेलो तर साहेब नाहीत. परवा गेलो तर अर्ज कन्नडमध्ये पाहिजे. तो लिहून नेला तर कमिटी बसल्यावर बघू. कामधंदा सोडून एका आठवड्यात चार हेलपाटे मारले, चौघं चौघं मिळून.

आणि ज्या भिंतीला टेकून आम्ही ताटकळत उभं राहायचो त्याच भिंतीवर नोटीस बोर्ड होता. त्यावर आमच्या स्टॉपरचं, म्हणजे मधल्या डिफेंडरचं, नाव होतं.

झालं काय होतं, त्या गोलनंतर सगळे रेफरीवर धावले, त्या गर्दीत त्यानं एक पिवळं कार्ड काढलं. कुणाला काढलं ते आम्ही कुणीच बघितलं नाही, आम्ही लाइनमनशी भांडत होतो. ते स्टॉपरला होतं. पहिल्या मॅचमध्ये त्याला एक पडलेलं होतंच, आणि त्या स्पर्धेत दोन कार्डं म्हणजे पुढची मॅच बाहेर. नोटीस कन्नडमध्ये, आधारवरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पोराला गल्लीत सगळे टोपणनावानं हाक मारतात, आमच्यातल्या निम्म्यांना त्याचं खरं नाव माहीत नव्हतं आणि कन्नड सगळ्यांना भराभर वाचता येत नाही. फोन नाही, मेसेज नाही. तिसऱ्या मॅचला तो खेळला, आम्ही 2-0 नं जिंकलो, लेले ग्राउंडवर पोरं चिखलात लोळली. दोन तासांत समोरच्या टीमनं प्रोटेस्ट टाकला. त्यांचा लगेच ऐकला, बरोबरच होता तो. मॅच 0-3 धरली. फिफाच्या शिस्तीच्या नियमातपण 3-0 च धरतात, त्यामुळं तिथं बोलायला तोंड नव्हतं. ऑफिसात विचारलं की आम्ही रोज तुमच्यासमोर उभे होतो, एक शब्द सांगायचा की ओ, तर म्हणाले बोर्डला लावलंय, बघायचं काम तुमचं.

चौथी आम्ही 3-1 नं जिंकली. सात व्हायचे ते चार झाले, दुसऱ्या नंबरची टीम पाचवर पुढं गेली. तो स्टॉपर पुढच्या वर्षी खेळायलाच आला नाही, आपल्यामुळं झालं म्हणून. त्याच्यामुळं नव्हतं, माझ्यामुळं होतं, मॅनेजर मी होतो. हे अजून सलतंय.

म्हणून माझं मत विचारशील तर व्हिडिओ डिलीट कर आणि एक वही घे. प्रत्येक मॅचनंतर रेफरीकडं जायचं, शांतपणे, कुणाला कार्ड पडलं ते जर्सी नंबरसकट लिहून घ्यायचं. शेजारी आधारवरचं नाव आणि टोपणनाव दोन्ही. बंदी किती कार्डांवर हे प्रत्येक स्पर्धेत वेगळं असतं, तुमचं नियमाचं पत्रक तूच वाच, माझ्यावर विसंबू नको. आणि कन्नड नीट वाचणारा, लिहिणारा एक पोरगा ऑफिसच्या कामाला ठेव. यात भाषेचं राजकारण आणू नको, काम लवकर होतं एवढंच.

गोलीला, म्हणजे गोलकीपरला, काढू नका. तुमच्या ग्रुपवर त्याला जे बोलायलेत ते वाचून वाईट वाटलं. शेवटच्या मिनिटाचा गोल एकट्या गोलीचा नसतो, दमलेल्या अकरा जणांचा असतो. 24 एप्रिल 2024 ला मी गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमला होतो, आयएसएल म्हणजे देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगची सेमीफायनल, एफसी गोवा 90 व्या मिनिटापर्यंत मुंबई सिटीच्या 2-0 पुढं होता आणि 3-2 नं हरला. चोर्ला घाट उतरताना जेवढा कालवा केला होता, येताना तेवढीच शांतता, गाडीत कुणी बोललं नाही. तेव्हापासून आमच्या पोरांना सांगतो, प्रॅक्टिसची शेवटची पंधरा मिनिटं दमल्यावर फक्त कॉर्नर डिफेंड करा. आणि बदली प्लेअर 75 व्या मिनिटाला उतरवा, 89 व्याला नको. मी काही लायसन्सवाला कोच नव्हे, बघून बघून शिकलेलं सांगतोय.

आणि कोल्हापुरातनं नाहीतर गोव्यातनं पैसे देऊन दोन प्लेअर आणायचं जे कुणीतरी सुचवलंय, ते मला अजिबात पटत नाही. वर्षभर पहाटे येणाऱ्या पोरांना बेंचवर बसवून दोन मॅच जिंकाल, पुढच्या वर्षी टीम उभी राहणार नाही. ही चूक मी दोन मंडळांची डोळ्यानं बघितलीय.

एका गोलनं हरल्यावर काय होऊ शकतं ते गोव्याचंच बघ. 6 एप्रिल 2025 ला त्याच लीगच्या सेमीफायनलला बेंगळुरूविरुद्ध दोन्ही मॅच मिळून 2-2 बरोबरी झालेली, आणि 92 व्या मिनिटाला बेंगळुरूच्या छेत्रीनं गोल मारला, गोवा बाहेर. आमच्याकडं निम्मी पोरं बेंगळुरूची, निम्मी गोव्याची, त्या रात्री चौकात मित्र मित्र बोलेनात. महिना व्हायच्या आत, 3 मे ला, त्याच गोव्यानं भुवनेश्वरला जमशेदपूरला 3-0 हरवून सुपर कप घेतला. त्या कपामुळं आशियातल्या स्पर्धेचा प्लेऑफ मिळाला, तो जिंकला आणि ऑक्टोबरात रोनाल्डोचा सौदीतला क्लब अल नासर फातोर्ड्याला खेळायला आला. रोनाल्डो आला नाही, गोवा 2-1 नं हरला, तरी गोव्याच्या ब्रायसननं मारलेला गोल आम्ही डोळ्यानं बघितला.

एक राहिलं, या पावसात ग्राउंड घसरत असेल तर झिजलेले स्टड बदला, आणि आधारच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, भिजल्या तर घेत नाहीत.

आज रात्रीच बाकी सगळं सोडून कॅप्टनला फोन कर आणि विचार, त्या गोलनंतरच्या गर्दीत रेफरीनं कार्ड काढलं होतं का, आणि कुणाला.