एमओटी करावं का, आणि कधी?

प्रश्न : ऑक्युपेशनल थेरपीची (आजार-दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांची) पदवी घेऊन एक वर्ष झालं. हाताच्या दुखापतींचे पेशंट बघते. एमओटीला, म्हणजे यातल्याच पदव्युत्तर पदवीला, दोन वर्षं द्यावीत की वीकेंडचे कोर्स पुरतील? घरचे म्हणतात, पेशंट आत्ताही बरे होतातच ना!
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घरच्यांचं चुकत नाही. या व्यवसायाच्या परिषदेकडे नोंदणी झाली की पदवीवर प्रॅक्टिस करता येते. पण तुमच्याच कामातला एक पेशंट घ्या. पत्र्याने बोट कापलंय, झोन २ मधला (तळव्याच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा) फ्लेक्सर टेंडन, म्हणजे बोट वाकवणारी दोरी, शिवलाय. प्लास्टिकची शीट ६५-७० अंशाच्या पाण्यात मऊ करून हाताच्या पाठीवरून स्प्लिंट (आधाराचा साचा) बसवायचा : मनगट २०-३० अंश वाकलेलं, बोटांच्या मुळांचे सांधे ५०-७० अंश, पुढचे सांधे सरळ. एवढं पदवीत हातात बसतं. खरा प्रश्न पुढचा : बोट पेशंटने स्वतः कधी वाकवायचं? शिवणीत टेंडनची दोन टोकं जोडणारे दोनच धागे असतील तर घाई केल्यास टाका तुटतो. तेव्हा दुसऱ्या हाताने बोट वाकवून द्यायचं. चार किंवा जास्त धागे असतील तर तिसऱ्या-पाचव्या दिवसापासून हलकी हालचाल सुरू करता येते. उगाच थांबलात तर टेंडन चिकटतो. ऑपरेशन नोटमध्ये धागे लिहिलेले नसतील तर सर्जनला फोन करायलाच हवा. आणि पट्टा सैल राहिला तर मधला सांधा वाकडाच आखडतो.

वीकेंडच्या कोर्समध्ये तंत्र मिळतं. ते कोणत्या पेशंटवर वापरायचं नाही, हे मात्र दोन वर्षं रोज केस मांडून, सीनियरांच्या उलटतपासणीत उत्तरं देऊन येतं. एमओटीची किंमत आमच्या मते तिथे आहे, लेटरहेडवरच्या अक्षरांत नाही. आणखी एक वर्ष काम करून मग जा, म्हणजे काय विचारायचं ते ठाऊक असेल. केईएम, सायन, नायर, हाजी अलीची पुनर्वसन संस्था एआयआयपीएमआर, कुठेही अर्ज करा, पण कॉलेजच्या नावाआधी गाइड (प्रबंधाचे मार्गदर्शक) बघा आणि हाताच्या शस्त्रक्रिया त्याच इमारतीत होतात का ते विचारा. शिकवायचं असेल तर एमओटीला पर्याय नाही. कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईतच, केईएममध्ये या शिक्षणाचा पाया घातला; इथे चांगले शिकवणारे कमी पडता कामा नयेत.

प्रश्न : एमओटीचा प्रबंध नेमका कुठे अडकतो?
– एक विद्यार्थी, परळ

उत्तर : पेशंट मोजण्यात. विषय ठरवण्याआधी ओपीडीच्या रजिस्टरमधले मागचे सहा महिने चाळा. निकषात बसणारे महिन्याला ३ येत असतील आणि ६० हवे असतील, तर २० महिने नुसते जमवण्यात जातात. फॉलोअपला वेळच उरत नाही. मुंबईतला पेशंट मे महिन्यात आणि गणपतीला गावी जातो. पहिल्याच दिवशी एका नातेवाइकाचाही नंबर घ्या, आणि फॉलोअप ड्रेसिंगच्या तारखेलाच ठेवा.

क्रम चुकवू नका : सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा), एथिक्स कमिटीची मंजुरी, सीटीआरआय या देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदणी, मगच पहिला पेशंट. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय मागाहून नोंदणी घेत नाही, त्यामुळे आधी घेतलेले पेशंट वाया जातात. प्रश्नावलीची तपासलेली मराठी आवृत्ती आहे का बघा. घरी केलेल्या भाषांतरावर परीक्षक बोट ठेवतातच. आणि उपचार करणाऱ्यानेच मोजमाप घेऊ नये.

प्रश्न : परदेशी जायला एमओटी लागतेच का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : देशावर आहे. अमेरिकेत २००७ पासून या व्यवसायात शिरण्याची पदवीच पदव्युत्तर पातळीची आहे, तिथे एमओटीचं वजन पडतं. ब्रिटनमध्ये एचसीपीसीची (तिथल्या नियामक परिषदेची) नोंदणी पदवीवर होते; तेवढ्यासाठी दोन वर्षं घालवू नका. दोन्हीकडे अभ्यासक्रमाचा तपशील मागतात. शिकताना पेशंटसोबत केलेल्या कामाच्या तासांचा दाखला (डब्ल्यूएफओटी या ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाचा निकष किमान १००० तासांचा आहे) कॉलेजकडून सहीशिक्क्यानिशी आत्ताच घ्या. विभागप्रमुख बदलले की जुनी रजिस्टरं शोधायला कोणी बसत नाही.