जलरंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आकाश रंगवलं की वाळताना त्यात फुलकोबीसारखे, कातरलेल्या कडांचे डाग उमटतात. रंग चांगल्या प्रतीचे आहेत. मग चुकतं कुठे?

उत्तर : दोष रंगाचा नाही, ओलीचा आहे. ओला कागद आधी चकाकतो. मग चकाकी जाते, पण आत ओल असतेच. या मधल्या अवस्थेत कागदापेक्षा ओला ब्रश टेकला, तर त्यातलं पाणी पसरतं आणि अर्धवट बसलेले रंगकण कडेला ढकलतं. तोच तो डाग. म्हणून चकाकी गेली की हात आवरा. एखादी जागा कितीही खटकली तरी कागद पूर्ण वाळू द्या. बोटांची मागची बाजू हलकेच लावून पाहा. गार लागलं तर अजून ओल आहे.

सपाट वॉशसाठी, म्हणजे पातळ रंगाच्या एकसारख्या थरासाठी, ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती कागद घ्या. पातळ कागद फुगतो, खळग्यांत पाणी साचतं आणि तिथे डाग हमखास पडतो. बोर्डाखाली जाडसर पुस्तक ठेवून साधारण १५ अंशांचा उतार द्या. लागेल असं वाटतं त्याच्या दीडपट रंग वाटीत आधीच कालवा. मध्येच संपला तर नवा कालवेपर्यंत कड वाळते. वाळल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा ओला असताना तो थोडा जास्तच गडद दिसायला हवा. १२ नंबरचा गोल ब्रश भरून आडवा पट्टा ओढा. खालच्या कडेला रंगाचा ओघळ जमतो. पुढचा पट्टा त्या ओघळाला टेकवूनच ओढा आणि वर परतू नका. तळाशी पोचलात की ब्रश फडक्यावर टिपून त्याने उरलेला ओघळ शोषून घ्या. नेमकी हीच पायरी बहुतेकांकडून राहते आणि साचलेलं पाणी वाळत्या वॉशमध्ये परत चढतं.

प्रश्न : माझे हिरवे-तपकिरी मळकट होतात. पांढरा घालूनही उजळत नाहीत.

उत्तर : पांढरा घालूच नका. तो अपारदर्शक असल्याने कागदाचा उजेड अडतो आणि रंग खडूसारखा दिसतो. फिका हवा तर पाणी वाढवा. ट्यूबवरचे रंगद्रव्याचे कोडही वाचत जा. बऱ्याच तयार हिरव्यांत दोन-तीन द्रव्यं आधीच असतात. त्यात आणखी दोन रंग मिसळले की चिखल ठरलेला. एकाच द्रव्याचे रंग घ्या आणि मिश्रण शक्यतो दोनांचंच ठेवा. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एवढ्यावर किती सुरेख राखाडी छटा निघतात ते करून पाहाच. वरचा थर देताना ब्रश घासू नका, नाहीतर खालचा रंग सुटून वर मिसळतो.

प्रश्न : नोकरीमुळे रोज जेमतेम पाऊण तास मिळतो. एवढ्यात काय होणार?

उत्तर : पूर्ण शीटचा हट्ट सोडलात तर भरपूर होईल. २२ बाय ३० इंची शीटचे आठ तुकडे करा. पहिली १० मिनिटं पेन्सिलने उजळ, मध्यम, गडद अशा तीनच छटांचा आराखडा काढा. पांढरा कागद कुठे राखायचा ते तेव्हाच ठरवा. रंगवून झाल्यावर ते पांढरेपण परत मिळत नाही. एकच विषय आठवडाभर धरा. पहिला थर वाळेस्तोवर ब्रश खाली ठेवून उद्याचा आराखडा काढायला घ्या. ब्रश हातात राहिला की तो ओलसर आकाशात जातोच.