बहिणीला माफ करता येत नाही, म्हणजे माझी श्रद्धाच खोटी का?

‘रोज देवापुढे दिवा लावते, पण सख्ख्या बहिणीला माफ करता येत नाही. मग माझ्या श्रद्धेला अर्थ काय?’ समुपदेशनात हा प्रश्न अनेकींकडून येतो. नाशिकरोडच्या एका बाईंनी तो जवळपास याच शब्दांत विचारला. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि नावं दिलेली नाहीत.

उत्तर आधीच देते. माफ न होणं हा श्रद्धेचा दोष नाही. बहुतेक घरांत नेमकं काय माफ करायचं आहे, हेच समोर आलेलं नसतं. अर्धवट माहितीवर माफी टिकत नाही.

या बाई धाकट्या, थोरली बहीण पंचवटीत राहणारी. चार वर्षं दोघींमध्ये बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती, थोरली सतरा. धाकटीला ‘हार्ट अटॅक’ सांगितलं होतं. पुढे एका साखरपुड्यात मामी सहज बोलून गेली, ‘तुझ्या बाबांनी त्र्यंबकला नारायण नागबळी केला, तेव्हा तीन दिवस तू माझ्याकडेच होतीस.’ नारायणबळी अपमृत्यू झालेल्यांसाठी करतात, हे नाशिककरांना सांगावं लागत नाही. आईचा मृत्यू आत्महत्येनं झाला होता आणि ताईला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पण धाकटीची खरी जखम वेगळीच होती. बाळंतपणानंतर ती खूप खचली होती. डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात कुणाला असा त्रास होता का?’ तिनं ‘नाही’ सांगितलं. आईचं नैराश्यही धाकटीच्या जन्मानंतरच सुरू झालं होतं. घरात असा आजार असला म्हणजे पुढच्या पिढीला तो होतोच असं नाही. पण डॉक्टरांना माहीत असेल तर ते लवकर सावध होतात, उपचार लवकर सुरू होतात. लपवाछपवीत नुकसान होतं ते इथं.

अशा प्रकरणात पहिल्याच दिवशी दोघींना समोरासमोर बसवायचं नसतं. आधी दोघींशी स्वतंत्रपणे बोलायचं. घरात आत्महत्या झालेली असेल तर प्रत्येकीला एकांतात स्पष्ट विचारायचं, ‘स्वतःचं आयुष्य संपवावं असे विचार तुमच्या मनात येतात का?’ विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर बहिणींचं भांडण बाजूला ठेवायचं आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं.

मग कागद. फुलस्केपवर तीन रकाने: ‘मी पाहिलं’, ‘मला सांगितलं’, ‘मी धरून चालले’. दोघींनी आपापल्या घरी लिहायचं, नवऱ्याला न दाखवता. धाकटीचा तिसरा रकाना पानभर झाला. त्यात एक वाक्य होतं, ‘आईच्या पाटल्या आपल्याकडे राहाव्यात म्हणून ताई गप्प बसली.’ थोरलीच्या पहिल्या रकान्यात दोनच ओळी होत्या. ‘दार मी उघडलं. बाबांनी मला बाजूला केलं.’ सतराव्या वर्षापासून ती ते एकटी घेऊन जगत होती, आणि हे धाकटीला ठाऊकच नव्हतं.

थोरलीची अडचण शपथेची होती. दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत, म्हणून वडिलांनी तिला सप्तशृंगीची शपथ घातली होती, ‘धाकटीला कळता कामा नये.’ वडील गेले, तरी शपथ सुटली नाही. धाकटीला मामीकडून कळल्यावरसुद्धा थोरलीनं तोंड उघडलं नाही, आणि तिथंच बोलणं तुटलं. देवीसमोर कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून तिनं गडावर जाणंही सोडलं होतं. इथं समुपदेशकानं ‘शपथबिपथ काही नसतं’ म्हणायचं नसतं. ज्याची श्रद्धा आहे त्याच्यासाठी ते ओझं खरं असतं, आणि ते उडवून लावलं की माणूस मिटतो. तिला एवढंच विचारलं, ‘ही शपथ तेव्हा कुणाला जपण्यासाठी होती? आज ती कुणाला जपतेय?’ उत्तराची घाई केली नाही. काही दिवसांनी ती स्वतःहून गडावर जाऊन आली. देवीला सांगून आले, आता बोलेन, म्हणाली. हा निर्णय तिचाच हवा होता. कुठला विधी करा किंवा करू नका, हे आम्ही सांगत नाही. पण विधीनं बोलणं टळत नाही, हे मात्र सांगतो.

एकत्र बैठक दीड तासाची ठेवावी. सणाच्या दिवशी किंवा लग्नकार्याच्या धामधुमीत नको. नवरे, मामी, आत्या कुणी नको. फोन बंद. खुर्च्या अगदी समोरासमोर न मांडता थोड्या तिरक्या ठेवायच्या, म्हणजे नजर हवी तेव्हा वळवता येते. एकीनं दहा मिनिटं बोलायचं, दुसरीनं मधे तोंड घालायचं नाही. उत्तर देण्याआधी ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि बोलणारीनं ‘हो, हेच’ म्हटल्यावरच पुढे जायचं. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण निम्मी भांडणं तिथंच थांबतात.

बिनसतं ते ‘पण’पाशी. थोरली म्हणाली, ‘माफ कर गं, पण बाबांनी शपथ घातली होती, मी तरी काय करणार?’ धाकटी उठून उभीच राहिली. पाच मिनिटं विश्रांती घेतली. थोरलीला सांगितलं, शपथेबद्दल नंतर बोला, आधी फक्त तिच्यावर काय बेतलं ते बोला. मग ती म्हणाली, ‘बाळ झाल्यावर तू खचलीस ते मला दिसत होतं. आईचं असंच सुरू झालं होतं. मला माहीत होतं तरी मी बोलले नाही. तुला ते एकटीनं सोसावं लागलं.’ धाकटीनं हे आपल्या शब्दांत सांगायला सुरुवात केली आणि मधेच रडू लागली. ‘ताई, दार तू उघडलंस, हे मला कुणीच सांगितलं नाही गं.’

त्या दिवशी गळाभेट झाली नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. क्षमेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन माफीचे दोन भाग करतात: निर्णयाची आणि भावनेची. आता सूड नाही, टोमणे नाहीत, हा निर्णय एका दिवसात होऊ शकतो. राग मात्र सावकाश ओसरतो, मधेच उसळूनही येतो. देवाचं नाव घेऊन दुसऱ्या भागाची घाई केली की बाई वरवर हसते आणि आत कुढते. ‘एवढी देवभक्त, मग सोडून दे ना’ हे वाक्य नातेवाइकांनी बंदच करावं. माफ केलं म्हणजे पूर्वीसारखं येणंजाणं सुरू व्हायलाच हवं, असंही नाही.

दागिन्यांचा विषय वेगळ्या दिवशी काढावा, नाहीतर माफीला किंमत लावल्यासारखं होतं. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्राशिवाय गेलेल्या स्त्रीच्या मालमत्तेवर मुलं आणि नवरा यांचा सारखा हक्क असतो. इथं वडीलही मृत्युपत्राशिवाय गेले, म्हणून दोघींचा वाटा निम्मा निम्मा. सराफाकडे दोघींनी मिळून वजन करून घेतलं आणि यादीवर सह्या केल्या.

धाकटीनं आईच्या आजाराची माहिती आपल्या डॉक्टरांना दिली आहे. थोरलीचं समुपदेशन अजून चालू आहे. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मुलांना काय सांगायचं, हेही दोघींनी मिळून ठरवलं. लहानग्यांना, ‘आजीला मनाचा मोठा आजार होता, त्यातच ती गेली.’ मोठी झाल्यावर विचारतील तेव्हा आत्महत्या हा शब्द वापरायचा. कशी, हे तपशील सांगायचे नाहीत. तुमच्या घरात असं काही घडलं असेल आणि रात्री-अपरात्री मन सैरभैर झालं, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.