मुलगी न्यू जर्सीत, आई पुण्यात: ताबा मिळवण्यासाठी काय करावे?

प्रश्न: आम्ही तीन वर्षांपूर्वी अमेरिकेहून पुण्यात कायमचे परतलो. आमच्या सहा वर्षांच्या मुलीला पती दिवाळीच्या सुट्टीसाठी न्यू जर्सीला घेऊन गेले आणि आता परत पाठवायला नकार देत आहेत. तिचा पासपोर्ट अमेरिकी आहे. परदेशात नेलेल्या किंवा अडकवून ठेवलेल्या मुलांना मायदेशी परत पाठवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय हेग करारान्वये ती परत मिळेल का?

उत्तर: १९८० च्या हेग कराराचा आधार तुम्हाला घेता येणार नाही, कारण अमेरिका त्यात सामील असली तरी भारत नाही. तरीही खचून जाऊ नका, कारण न्यू जर्सीचाच कायदा तुमच्या उपयोगी पडणारा आहे. अर्जापूर्वी मूल सलग सहा महिने जिथे राहत होते तिथल्या न्यायालयाला ताब्याचा निर्णय करण्याचा पहिला अधिकार तो कायदा देतो, परदेशालाही यासाठी एखाद्या राज्यासारखेच मानतो आणि मूल हलवले गेले तरी एक पालक मूळ ठिकाणी राहत असल्यास हा अधिकार पुढे सहा महिने टिकवून धरतो. मुलीचे नागरिकत्व यात निर्णायक नाही.

म्हणून ती पुण्यातून गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली अर्ज दाखल करा. नातेवाइकांमार्फत समेटाची बोलणी जरूर चालू ठेवा, पण त्या भरवशावर ही मुदत हातची जाऊ देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पतींना नोटीस रीतसर बजावली जाईल याची वकिलांकडून खात्री करून घ्या. त्यांना बाजू मांडण्याची संधी न देता मिळवलेला आदेश तिकडे टिकणार नाही. रीतसर आदेश मिळाल्यावर तो न्यू जर्सीच्या न्यायालयात नोंदवून त्याची अंमलबजावणी मागता येते.

शाळेचा दाखला, लसीकरणाच्या नोंदी, परतीचे तिकीट आणि ‘सुट्टी संपली की येतो’ अशा आशयाचे व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा. रागाच्या भरात ‘ठेव तिला तिकडेच’ असे चुकूनही लिहू नका, कारण ती तुमची संमती म्हणून दाखवली जाईल.

अपहरणाची फिर्याद देण्याची घाई मला योग्य वाटत नाही. न्यायालयाचा मनाई आदेश नसताना नैसर्गिक पालक असलेल्या वडिलांवर हा गुन्हा साधारणतः टिकत नाही, शिवाय अटकेच्या भीतीने ते मुलीला घेऊन भारतात येण्याचेच टाळतील. त्यापेक्षा मूळ अर्जासोबतच अंतरिम अर्ज करून मुलीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलू देण्याचा आदेश मागा. ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज बोलता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटले आहे.